रिकामी गाडी उंच असते

अण्णा, तुझ्यासाठी रडायचं तेवढं रडून झालं. आता तक्रार.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला सांगण्यात आलं, हणमंतण्णांवर दोन पानं लिही. जन्म, शिक्षण, पश्चात परिवार; मध्ये कुठेतरी 'हसतमुख' आणि 'मनमिळाऊ' टाक. मी म्हटलं, जमणार नाही. हसतमुख? समोर आडवी रिक्षा आली की तुझ्या तोंडून जे कन्नड निघायचं, त्यातल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ मला अजून कोणी सांगायला तयार नाही. आणि मनमिळाऊ माणूस दोन वर्षं एका कागदावर सही करायचं नाकारत नाही. एका कागदावर! मी तो इतक्या वेळा पिशवीतून काढला आणि परत घातला, की घड्यांवर फाटायला आला. तू चहा घ्यायचास, चष्मा लावायचास, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचास आणि म्हणायचास, "चांगलं लिहिलंयस, पुट्टी. पण हे खरं नाही."

मग एक दिवस मेलास. वाद अर्धा टाकून. याला काय म्हणायचं?

वाचणाऱ्यांचा गोंधळ नको म्हणून नातं सांगते. तू माझ्या थोरल्या आत्तेचा थोरला मुलगा. वयाने माझ्या बाबांच्या बरोबरीचा, नात्याने भाऊ. म्हणून 'अण्णा', आणि म्हणूनच 'तू'. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी. मी पंचवीस वर्षांची झाले तरी तुझ्या लेखी पुट्टीच. आपली घरं बंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आली की पुण्याहून बदलून आलेल्या कोणी 'तुमचं मूळ गाव कुठलं हो?' असं विचारलं, तर तू गंभीर चेहऱ्याने 'चिकपेट' सांगायचास. त्यांना वाटायचं, थट्टा करतोय.

तीस वर्षं तू एका कागदाच्या व्यापाऱ्याची लॉरी चालवलीस. शेवटची लॉरी बंद बॉडीची, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, कारण कागद भिजला की संपला. गोडाऊन होसकोट्याला, गिऱ्हाइकं शहरात: छापखानेवाले, वहीवाले आणि अलीकडे ते कॉम्प्युटरवाले, ज्यांना दोन्ही कडांना भोकं पाडलेला कागद लागतो. कापणीतून उरलेल्या पट्ट्या तू शेठना विचारून माझ्यासाठी बाजूला ठेवायचास. माझं पहिलं पत्रक त्या पट्ट्यांवर निघालं. कॉलेजच्या दारात मी ते वाटत होते, तेव्हा तू समोर लॉरी लावून आलास, हात पुढे केलास, एक घेतलंस, वाचलंस. "अक्षर बारीक आहे ग. गाडी चालवणाऱ्याला चालता चालता वाचता आलं पाहिजे." मी चिडले. पुढच्या पत्रकात अक्षर मोठं केलं. तुझ्यामुळे केलं, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

अक्षरांचं तुला इतकं कळायचं, पण रस्त्यावरच्या पाट्यांवर तुझा काडीचा विश्वास नव्हता. त्यातही पुलाच्या उंचीच्या पाटीवर तर मुळीच नाही. लाल गोल, आत वरून एक बाण, खालून एक बाण, मध्ये आकडा. एवढा आकडा मोकळा आहे, याहून उंच गाडी आणू नका. माझ्या लेखी तो सरकारने माणसाला लिहून दिलेला शब्द. तुझ्या लेखी अफवा.

"हा आकडा कधीचा?" तू विचारायचास.

"कधीचा म्हणजे? पूल काय रोज खाली येतो?"

"पूल कशाला येईल? रस्ता वर येतो. जुनं डांबर उकरायचं कोण? त्याच्यावरच नवं. दोन-चार वर्षांनी परत नवं. रस्ता चढत जातो, बोर्ड आहे तिथेच. डांबर टाकणारा आणि बोर्ड रंगवणारा यांची कधी भेट होत नाही, पुट्टी."

लॉरीच्या कडेला तुझा एक लांब बांबू बांधलेला असायचा. त्यावर दोन चिंध्या बांधलेल्या, तीन इंचांच्या अंतराने. ओळखीच्या रस्त्यावर नवं डांबर दिसलं की तू पुलाखाली उतरून तो बांबू उभा करायचास आणि मान वर करून तुळईकडे बघत राहायचास. मागे हॉर्नचा गदारोळ. मी केबिनमध्ये लाजेने खाली सरकलेली. एकदा विचारलं, चिंध्या दोन कशाला?

"खालची भरलेल्या गाडीची. वरची रिकाम्या गाडीची."

"गाडी तीच ना?"

"कागद भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात, गाडी बसते. माल उतरला की उठते. तीन इंच. रिकामी गाडी उंच असते ग."

"हे कुठल्या पाटीवर लिहिलंय?"

"कुठेच नाही. म्हणून तर बांबू."

होसकोट्याच्या वाटेवर, मोठा रस्ता सोडून आत वळलं की तो रेल्वेपूल. पाटी म्हणायची ३.९ मीटर, म्हणजे बारा फूट साडेनऊ इंच. तुझा बांबू म्हणायचा बारा फूट पाच. तुझी लॉरी भरलेली बारा-तीन, रिकामी बारा-सहा. म्हणून तुझा नियम ठरलेला: शहराकडे जाताना भरलेली, पुलाखालून, परत येताना रिकामी, बाहेरच्या वळशाने. चाळीस मिनिटं जास्त. आणि हे फक्त तुलाच माहीत नव्हतं. त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं. चहाच्या टपरीवर नवख्याला सांगायचे, "तिथे चार-पाच बोटं कमी धर हं." रस्त्यांच्या कचेरीला कोणी सांगितलं? कोणीही नाही. यावर आपलं पहिलं मोठं भांडण झालं.

"तक्रार का नाही केलीस?"

"केली की. शंभर ड्रायव्हरांना सांगितलं."

"कचेरीत का नाही सांगितलंस?"

"कचेरी लॉरी चालवते का?"

हे काय उत्तर झालं? मला आजही या उत्तराची चीड येते. खोटी पाटी ज्यांना माहीत आहे त्यांचं काही बिघडत नाही. ती मारते नवख्याला, परगावच्याला, टपरीवर न थांबलेल्याला. तुम्ही सगळे जाणते मिळून तिच्याखालून मान वाकवून जात होतात आणि याला शहाणपणा म्हणत होतात. मी म्हटलं, अण्णा, ही गुलामी आहे. तू म्हणालास, "सरी, बरं. उद्या पुलाला सांगतो."

आता तो दिवस. दोन वर्षं मी हे कुठेही लिहिलं नाही, म्हणून इथे सरळ लिहिते. त्या दिवशी केबिनमध्ये मी होते.

होसकोट्याला चार वाजता सभा होती. कारखान्यात जाणाऱ्या बायकांसाठी बसथांबा हवा, ही मागणी. बोलणारी मी. तू शहरात माल उतरवून परत निघाला होतास, महादेवपुऱ्यापाशी मला घेतलंस. तीन वाजून गेले होते. वळणाआधी तू बाहेरच्या रस्त्याचा इंडिकेटर दिलास आणि मी ओरडले.

"चाळीस मिनिटं? अण्णा, सभा चारला आहे!"

"रिकामी आहे ग."

"रिकामी किती? बारा-सहा. म्हणजे तीन पूर्णांक आठ. पाटी काय म्हणते? तीन पूर्णांक नऊ! साडेतीन इंच जागा उरते."

"बोर्डाचं मला सांगू नको."

"मग कशाचं सांगू, तुझ्या चिंधीचं? लिहून दिलंय तिथे, अण्णा, लिहून! लिहिलेल्यावर तुम्ही कोणी विश्वास ठेवणार नसाल तर मी पत्रकं काढते कशाला?"

तू माझ्याकडे बघितलंस. तो चेहरा मला नको असतानाही आठवतो. जरासा कौतुकाचा, हे सगळ्यात वाईट. "एम. ए. करणारी बाई सांगते," म्हणालास आणि इंडिकेटर बदललास.

पत्रा फाटण्याचा आवाज इतका लांबत जातो हे मला माहीत नव्हतं. छप्पर मागे गुंडाळत गेलं, पुलावरून गंज आणि कबुतरांची घाण काचेवर कोसळली, लॉरी अर्धी आत, अर्धी बाहेर थांबली. तू आधी माझ्याकडे वळलास. "लागलं का?" लागलं नव्हतं. मग तू मनगटावरच्या घड्याळात बघितलंस.

"उतर. पलीकडे रिक्षा मिळेल. सभा चुकेल तुझी."

"पण आता पोलिस येतील, शेठ येतील..."

"म्हणूनच. केबिनमध्ये कोणाला घ्यायचं नाही अशी शेठची ताकीद आहे. तू इथे नव्हतीस. हो पुढे."

आणि मी गेले. अण्णा, मी गेले! पलीकडे रिक्षा मिळाली, सभेला वेळेवर पोचले आणि अधिकाऱ्यांच्या बेजबाबदारपणावर पंधरा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. केसांत गंज होता, तो मी रात्री घरी येऊन धुतला.

इजा कोणाला झाली नाही. झालं ते तुला झालं. शेठनी किल्ली काढून घेतली. नोकरीवरून काढलं नाही, गोडाऊनच्या दारात एक स्टूल दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. तीस वर्षं एक ओरखडा न उठवणारा माणूस, स्टुलावर! कचेरीच्या फायलीत एक ओळ पडली: चालकाचा निष्काळजीपणा, फलक स्पष्ट व सुस्थितीत. सुस्थितीत! खोटा, पण सुस्थितीत. गाडी मोजली कोणी? कोणी नाही. छप्परच राहिलं नव्हतं तर मोजणार काय? अडकली म्हणजे उंच होती, विषय संपला. टपरीवरचे तुझे ते शहाणे दोस्त तुला 'ब्रिजण्णा' म्हणायला लागले. "काय ब्रिजण्णा, आज किती मीटर?" तू हसायचास. मला त्यांच्या अंगावर चहा ओतावासा वाटायचा.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मला शिकवलंय ते असं: एक पान, एक गुन्हेगार, एक मागणी. गुन्हेगार दोन झाले की वाचणारा पान उलटतो. मथळा दिला, 'फलकावर विश्वास ठेवणे हा गुन्हा आहे काय?' कचेरीत गेले तर म्हणाले, चालकाचं सहीचं निवेदन असेल तरच फाईल परत उघडू. म्हणून खाली तुझं निवेदनही लिहिलं: 'मी फलकावरील आकडा पाहून, त्यावर विश्वास ठेवून गाडी नेली.' तुझं नाव परत मिळायला एवढं एक वाक्य पुरेसं होतं. फक्त सही कर, म्हटलं.

तू वाचलंस. बिस्किट चहात बुडवलंस.

"मी बोर्डावर विश्वास ठेवला?"

"मग?"

"तीस वर्षांत एकदा तरी ठेवला का? मी तुझ्यावर ठेवला."

रागाने बोलला असतास तर मला उत्तर देता आलं असतं. मला रागाशी भांडता येतं. तू तर बिस्किट मोडायच्या आत तोंडात टाकायच्या गडबडीत होतास.

"मग तसं लिहू?" मी विचारलं. भांडणाच्या आवाजात, कारण मला 'नको' ऐकायचं होतं.

"छे, ते कशाला? स्टिअरिंग माझ्या हातात होतं. गाडी रिकामी आहे हे मला माहीत होतं, रस्ता चढलाय हे मला माहीत होतं. तू नव्हतीसच तिथे. बोर्डाची चूक आहे, माझी पण आहे. दोन्ही लिही, आत्ता सही करतो."

"दोन्ही लिहिलं की ते तुझी तेवढी उचलतील आणि स्वतःची सोडून देतील!"

"उचलू देत."

"नाव जाईल तुझं, अण्णा!"

"जाऊ दे. इनिशियलसकट जाऊ दे."

दोन वर्षं हेच चाललं. युगादीच्या जेवणात, बाबांच्या आजारपणात, एका लग्नात हात धुवायच्या नळापाशी. एकदा तू माझ्या कागदावर पेन्सिलीने दोन ओळी वाढवल्यास. पहिली: 'गाडी रिकामी होती.' दुसरी: 'बोर्ड पुलाजवळ लावून उपयोग नाही, तिथे वळायला जागा नसते, आधीच्या वळणावर लावा.' दुसरी ओळ मी लगेच मागण्यांमध्ये घेतली, कारण ती इतकी बरोबर होती की मला आधी सुचली नाही याचा संताप आला. पहिली खोडरबराने पुसली. तू ते बघितलंस. काही बोलला नाहीस.

हेच, अण्णा! हेच मला सहन होत नाही. काही बोलला नाहीस. कोणीही दुसरा असता तर एकदा तरी, वाद हरताना तरी, म्हणाला असता, 'तूच सांगितलंस ना त्या रस्त्याने चल म्हणून?' माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. तू ते वाक्य दोन वर्षं वापरलंच नाहीस. आणि तू वापरत नाहीस म्हणून मीही ते उच्चारलं नाही. मी चौकात उभी राहून लोकांना 'जाब विचारा' म्हणून सांगणारी बाई. माझ्याकडे जाब कोणी मागितला नाही तर मी शांतपणे दुसऱ्या कपाचा चहा घेत होते.

तुझ्या त्या स्टुलावरच्या वहीबद्दल मला तू गेल्यावर कळलं. शेठनी सांगितलं होतं, गाड्यांचे नंबर लिही. तू नंबरापुढे दोन आकडे लिहीत होतास: भरलेली उंची, रिकामी उंची. गाडी आली की विचारायचास, आणि बहुतेकांना स्वतःच्या गाडीची उंची माहीतच नसायची. मग तू बांबू घेऊन उठायचास. आत येताना एकदा मोजायचास, माल उतरल्यावर परत एकदा. एका ड्रायव्हरने मला सांगितलं, "आधी आम्ही हसलो, अक्का. मग केबिनमध्ये खडूने लिहून ठेवलं." पान पान भरलंय तुझ्या अक्षरात. मी इतकी वर्षं लोकांना कागद वाटले. त्यातला एक तरी कोणी केबिनमध्ये जपून ठेवला असेल का, मला शंका आहे. अभिमान वाटला. त्याआधी, खरं सांगते, हेवा वाटला.

त्याच स्टुलावर, जेवणानंतर, पाऊस सरता सरता तू गेलास. तेरावा झाला आणि पुढच्या आठवड्यात कचेरीचं पत्र आलं: सुनावणी आहे, या. मधल्या काळात त्या पुलाखाली आणखी दोन गाड्या अडकल्या होत्या, म्हणून कोणाला तरी जाग आली असावी. तू जिवंत असताना आली असती तर काय बिघडलं असतं, ते त्यांनाच ठाऊक.

इंजिनिअर तरुण होता, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. फाईल उघडली, मी पुढे केलेलं निवेदन बघितलं.

"यावर सही नाही."

"ते वारले."

त्याने पेन खाली ठेवलं, परत उचललं. "तुम्ही घरच्याच ना? मग त्यांचं म्हणणं तुम्ही सांगा. मी लिहून घेतो, तुम्ही सही करा."

तुला कळतंय ना, अण्णा? दोन वर्षं मी ज्याच्यासाठी डोकं फोडलं, ते माझ्यासमोर उघडं पडलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'त्यांनी फलकावर विश्वास ठेवला.' फायलीतली ओळ पुसली गेली असती, शेठनी तुझ्या फोटोला हार घातला असता, टपरीवाल्यांची तोंडं बंद झाली असती. 'हे खरं नाही' म्हणणारा एकच माणूस होता आणि त्याला आम्ही जाळून आलो होतो.

"गाडी भरलेली होती की रिकामी?" त्याने विचारलं.

दोन वर्षांत त्या कचेरीत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. मला त्याला आधी शाबास म्हणावंसं वाटलं आणि मग खिडकीतून बाहेर ढकलावंसं वाटलं.

"रिकामी."

"रिकामी गाडी उंच उठते, हे त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"फलक चुकीचा आहे हे?"

"तेही माहीत होतं."

"मग त्या रस्त्याने का गेले?"

"मी सांगितलं म्हणून. मी केबिनमध्ये होते. मला सभेला जायचं होतं. मी त्यांना तुमची पाटी वाचून दाखवली."

त्याचं पेन थांबलं. "हे लिहू?"

"लिहा."

"तुमचीच केस कच्ची होते, मॅडम."

"माहीत आहे मला! लिहा म्हणते ना."

त्या क्षणी मला तुझा इतका राग आला होता की सही करताना कागद फाटला. दुसऱ्या कागदावर करावी लागली.

ते टेप घेऊन पुलाखाली गेले. बारा फूट पाच इंच. तुझ्या बांबूत आणि सरकारी टेपमध्ये सुताचाही फरक नाही. जुनी पाटी उतरवली, थोडी मोकळीक धरून ३.६ ची नवी लावली. निकालाचा कागद आला त्यात तीन ओळी आहेत: फलकावरील आकडा चुकीचा होता. चालकाचीही चूक होती. गाडीतील प्रवाशाने त्या मार्गाचा आग्रह केला, असे प्रवाशाने स्वतः सांगितले. तीन गुन्हेगार, अण्णा. असल्या कागदाचं पत्रक होत नाही. मी प्रयत्न करून बघितला.

तो कागद घेऊन तुझ्या घरी रत्नावैनीकडे गेले. ती अवरेकाईच्या शेंगा सोलत बसली होती. वाचून दाखवला. तिसरी ओळही. तिने सूप बाजूला केलं.

"मला माहीत आहे ग."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. घरी आले, चप्पल काढायच्या आधी म्हणाले, पुट्टी होती बरोबर, तिला लागलं नाही."

"मग मला का नाही बोललीस कधी?"

"मी म्हणायची की, तिला बोलवून विचारा तरी एकदा. तर म्हणायचे, स्वल्प थांब, ती पत्रक लिहितेय."

वैनी हसली. मग हसता हसता थांबली आणि मला म्हणाली, "लिहून झालं का आता?" मला अजून कळलेलं नाही, ती चिडून म्हणाली की मायेने. मी तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले. तिने नको म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यात मी रिक्षाने त्या रस्त्याने गेले. नवी पाटी झकास आहे, लाल रंग अजून ओला वाटतो. पण आहे कुठे? पुलाजवळच. आधीच्या वळणावर काही नाही. तुझी ती ओळ मी मागणीत घातली, सुनावणीत बोलले, लेखी दिली. आणि त्यांनी पाटी लावली तिथेच, जिथे वाचून करण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे व्हायचं तेच झालं. एक उंच बंद लॉरी नाक पुलाखाली घालून उभी, ड्रायव्हर पायरीवर उतरून एकदा पाटीकडे बघतोय, एकदा स्वतःच्या छपराकडे. मागे रिक्षा, व्हॅन, बस, सगळे हॉर्नवर बसलेले. माझ्यापुढचा स्कूटरवाला ओरडत होता, "जाईल, जाईल! जरा जोरात घ्या!"

मला उशीर होत होता. माझ्याही तोंडात 'जाईल' आलं होतं, खोटं कशाला सांगू?

मी उतरले. पुढे जाऊन विचारलं, "भरलेली का रिकामी?"

"खाली आहे, अक्का. सकाळी भरलेली इथूनच गेली."

"मग मागे घ्या. मी बघते मागचं."

लॉरीच्या मागे येऊन मी पत्र्यावर थापा मारत, इथले क्लीनर ओरडतात तशी 'बर्ली, बर्ली', म्हणजे 'येऊ दे', ओरडायला लागले. आधी रिक्षा मागे काढायला लावली, मग व्हॅन. स्कूटरवाला हलेना.

"तुम्ही कोण हो, मॅडम? ट्रॅफिक पोलिस?"

"नाही."

"मग? घासून गेली असती की निवांत."

"गेली असती," मी म्हटलं. "मागे व्हा."